लोहगडचा बंदिवान आणि हजारावे वर्ष

पवना जलाशयाच्या काठी वसलेल्या पवनानगरातून उत्तरेकडे पाहिले म्हणजे लोहगड आणि विसापूर ही जोडी प्रथम नजरेत भरते. एका अंगाला तिकोना, पाण्यापलीकडे तुंग, असा हा पवन मावळचा मुलूख पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद निजामशहाने किल्ल्यांसह आपल्या अमलाखाली आणला. शिवकालाच्या तेजापुढे हा निजामशाही काळ आपल्या स्मरणातून जवळजवळ पुसला गेला आहे. लोहगड चढून विंचूकाट्यापर्यंत जाणाऱ्या शंभर जणांपैकी नव्याण्णवांना हे ठाऊक नसते, की याच गडावर अहमदनगरच्या गादीचा एक वारस सख्ख्या भावाच्या हुकमाने अटकेत पडला होता. आणि ज्याला ते ठाऊक असते त्यालाही बहुधा हे ठाऊक नसते, की या बंदिवानाने पुढे जी लढाई जिंकली ती वरकरणी गादीची असली तरी तिच्या मुळाशी जगाच्या अंतासंबंधीचा एक प्रश्न होता.

बंदिवानाचे नाव बुऱ्हाण, आणि त्याला कैदेत टाकणारा भाऊ म्हणजे मुर्तजा निजामशहा. मुर्तजा पुढे पुढे राज्यकारभार टाकून एकांतात बसू लागला आणि लोक त्याला वेडा म्हणू लागले, तेव्हा बुऱ्हाणने सुटून बंड करून पाहिले. ते फसले आणि भटकत भटकत तो अकबर बादशहाच्या आश्रयाला गेला. इकडे 1588 मध्ये मुर्तजाला त्याच्याच मुलाने, मीरान हुसेनाने, मारविले आणि वर्ष उलटते न उलटते तोच या पितृघातक्याचाही वध झाला. त्या गोंधळात दख्खनी आणि हबशी सरदारांना हाताशी धरून जमालखान नावाच्या सरदाराने शहर ताब्यात घेतले, परदेशी म्हणजे इराणी-तुराणी उमरावांची कत्तल करविली, आणि बुऱ्हाणचाच लहानगा मुलगा इस्माईल याला मसनदीवर बसवून सर्व सत्ता आपल्या हाती ठेवली. येथवरची कथा दख्खनच्या कोणत्याही शाहीत शोभावी अशीच आहे. परंतु जमालखान महदवी होता. निजामशाहीत 1537 च्या सुमारापासून शिया पंथ राजमान्य होता आणि शुक्रवारच्या खुत्ब्यात बारा इमामांची नावे घेतली जात. जमालखानाने ती नावे काढून टाकली आणि महदवी पंथाला दौलतीचा पंथ केले. अखेरचा मार्गदर्शक, म्हणजे महदी, येऊन गेला आहे असे मानणाऱ्यांच्या हाती महाराष्ट्रातील एक राज्य सुमारे दोन वर्षे होते, ही गोष्ट शालेय इतिहासात कोठेही येत नाही. ती यायला हवी होती असे मला वाटते.

आता हा महदी कोण, हे पाहिले पाहिजे. कयामतीपूर्वी, पृथ्वी अन्यायाने भरून गेली असता, पैगंबरांची कन्या फातिमा हिच्या वंशात एक पुरुष निपजेल आणि तो पृथ्वी न्यायाने भरील, अशी हदीसच्या काही संग्रहांत भाकिते आहेत. कुराणात महदीचा उल्लेख नाही, आणि बुखारी व मुस्लिम या सर्वांत प्रमाणभूत मानलेल्या दोन संग्रहांतही त्याचे नाव घेऊन स्पष्ट भाकीत सापडत नाही; त्यामुळे सुन्नी विद्वानांत या विषयावर मतांतराला बरीच जागा राहिली. बारा इमाम मानणाऱ्या शियांच्या लेखी मात्र महदी हा कोणी भविष्यात जन्मणारा पुरुष नाही. तो बारावा इमाम असून हिजरी 260 मध्ये, म्हणजे इ.स. 874 मध्ये, लोकांच्या दृष्टीआड झाला आहे आणि ईश्वराच्या आज्ञेने पुन्हा प्रकट व्हावयाचा आहे. या दोन मतांहून वेगळे असे तिसरे मत जौनपूरच्या सय्यद मुहंमदांनी मांडले. 1443 मध्ये जन्मलेले हे विरक्त पंडित गाव सोडून माळवा, गुजरात, दख्खन असे हिंडत आले. त्यांच्या अनुयायांची परंपरा सांगते की ते दौलताबाद, अहमदनगर, बीदर, गुलबर्गा असे करीत आपल्या कोकणातील दाभोळ बंदरात पोचले, तेथून गलबताने मक्केस गेले, आणि तेथे त्यांनी आपणच तो महदी असे जाहीर केले. परतल्यावर गुजरातेत त्यांनी त्या घोषणेचा पुनरुच्चार केला, उलेमांशी वाद घातले, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हद्दपार होत गेले आणि 1505 मध्ये अफगाणिस्तानातील फराह येथे त्यांचा अंत झाला. त्यांचे अनुयायी ‘दायरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांत राहत, मिळेल ते समान वाटून घेत, उद्याची तरतूद न करता ईश्वरावर हवाला ठेवीत आणि नामस्मरणात काळ घालवीत. अशा निष्कांचन माणसांचा सरकारदरबारला एवढा धसका का बसावा, याचे उत्तर सोपे आहे: ज्याला उद्याची फिकीर नाही त्याला जहागिरीचे आमिषही नसते.

या पंथाच्या वाढीला एका आकड्याचेही साहाय्य झाले. हिजरी सनाचे हजारावे वर्ष ऑक्टोबर 1591 मध्ये लागावयाचे होते, आणि या उम्मतीचे, म्हणजे मुसलमान समाजाचे, आयुष्य हजार वर्षांपलीकडे नाही अशी समजूत तत्पूर्वी शंभर वर्षे लोकांत पसरलेली होती. ती इतकी प्रबळ होती, की कैरोचे प्रख्यात पंडित सुयूती यांना ती खोडून काढण्यासाठी पंधराव्या शतकाच्या अखेरीस एक स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. तीत त्यांनी दाखवून दिले की हजार वर्षे उलटून जातील, मात्र पंधराशे उलटणार नाहीत. संकट टाळण्याऐवजी ते नातवंडा-पतवंडांच्या नावावर चढविण्याची ही हातोटी प्रत्येक धर्मातील गणितज्ञांत आढळते. (हिजरी 1500 हे वर्ष इ.स. 2076 च्या अखेरीस सुरू होईल.) अकबराने 1582 मध्ये या सहस्रकाचा इतिहास लिहवून घेण्यास प्रारंभ केला, त्याचे नाव ‘तारीख-इ-अल्फी’, आणि हजाराव्या वर्षाच्या त्याच्या नाण्यांवर सहस्रवाचक ‘अल्फ’ हा शब्द छापला गेला. लोहगडचा जुना बंदिवान याच दरबारात आश्रयाला होता. म्हणजे उत्तरेत एक बादशहा सहस्रकाच्या संधीचा आपल्या कीर्तीसाठी उपयोग करून घेत होता, आणि दक्षिणेत एक सरदार त्या संधीवरच्या श्रद्धेने राज्य चालवीत होता. बुऱ्हाण एकाचा आश्रित आणि दुसऱ्याचा शत्रू.

भारतीय वाचकाला हजार वर्षांची ही धास्ती थोडी अपरिचित वाटेल. आपल्या पुराणांत कलियुग संपते, कल्की येतो, आणि पुन्हा कृतयुग लागते. चाक फिरत राहते, आणि कलियुगाचे मान चार लक्ष बत्तीस हजार वर्षांचे असल्यामुळे घाईचे कारण पडत नाही. ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या तीन धर्मांत सृष्टी एकदाच निर्माण होते, एकदाच संपते आणि मेलेले एकदाच उठविले जातात. पुनरुत्थान, न्याय, स्वर्ग व नरक ही चौकट तिघांची समाईक आहे. गोग आणि मागोग ही यहेज्केलाच्या ग्रंथातील उत्तरेची भीषण शक्ती ख्रिस्ती ‘प्रकटीकरणा’त येते आणि कुराणात याजूज-माजूज होऊन झुल्करनैनाने बांधलेल्या भिंतीपलीकडे कोंडलेली असते. पात्रे तीच, पण वाटप निराळे, असे हे नाट्य आहे, आणि ते वाटप पाहण्यातच खरी गंमत आहे.

ज्यू परंपरेत मशीहा हा दाविदाच्या कुळातला मनुष्य, राजा. तो विखुरलेल्या इस्रायलाला एकत्र आणील आणि मंदिर पुन्हा उभारील. बाराव्या शतकातील महापंडित मैमोनिदिस यांनी तर निक्षून लिहिले, की मशीहाच्या काळात सृष्टीचे नियम बदलणार नाहीत, फक्त परकीयांचे दास्य संपेल. ख्रिस्ती मताने हा मशीहा येऊन गेला, क्रुसावर मेला, उठला आणि तोच न्याय करावयास पुन्हा येणार; राजाचे व न्यायाधीशाचे, किंबहुना ईश्वराचेही, काम एकाच व्यक्तीकडे आले. इस्लामने हे काम वाटून दिले. महदीने राज्य करावयाचे, आणि दज्जालाला, म्हणजे अखेरच्या काळी येणाऱ्या तोतया मशीहाला, ठार करण्यासाठी येशूने, म्हणजे ईसा पैगंबरांनी, आकाशातून उतरावयाचे. न्याय करणारा मात्र एकटा ईश्वर, त्यात ईसांना भाग नाही. हदीसमधील वर्णन विलक्षण तपशीलवार आहे. दज्जाल एका डोळ्याने अधू, त्याच्या कपाळावर काफिरपणाची अक्षरे, आणि ती निरक्षर श्रद्धावंतालाही वाचता यावीत. त्याचा मुक्काम चाळीस दिवस, पण त्यांतला एक दिवस वर्षाएवढा, एक महिन्याएवढा, एक आठवड्याएवढा. मक्का आणि मदिना यांत मात्र त्याला प्रवेश नाही. ईसा दमास्कसच्या पूर्वेकडील पांढऱ्या मिनाराजवळ उतरतात आणि लुद्द नगराच्या वेशीपाशी त्याला गाठून मारतात. त्यानंतर ते क्रूस मोडतात, न्यायाने राज्य करतात आणि इतर माणसांप्रमाणे मरण पावतात. ख्रिस्ती श्रोत्याला हे ऐकताना आपलाच प्रभू आपल्याच चिन्हाविरुद्ध उभा केल्यासारखे वाटणार, आणि मुसलमान श्रोत्याला मात्र यात येशूचा अतोनात गौरवच दिसणार. येशूवर दोघांचाही विश्वास आहे, या एका वाक्यावर सर्वधर्मसमभावाची भाषणे करणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

हे लुद्द म्हणजे आजच्या इस्रायलमधील लोद, विमानतळाच्या शेजारचे गाव. मराठी वाचकाने हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण 1948 नंतर कोकणातून व मुंबईतून गेलेल्या बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजातील कुटुंबांची मोठी वस्ती ज्या गावांत झाली त्यांपैकी लोद हे एक. ज्या वेशीवर मुसलमानांच्या भाकिताप्रमाणे जगातील अखेरचे द्वंद्व व्हावयाचे, तिच्या आसपास अजून म्हातारी माणसे मराठीत बोलतात.

या बेने इस्रायलांनी कोकणात शेकडो वर्षे तेल गाळले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. अलिबागेजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही त्यांची मूळकथा प्रसिद्ध आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची जागा म्हणजे अलिबाग तालुक्यातील खंडाळे हे गाव. लोणावळ्याकडच्या वाचकांनी ते आपल्या खंडाळ्याशी एक करू नये. तेथील खडकावर खुरांच्या व चाकांच्या खुणांसारखे ठसे आहेत, आणि एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, अग्निरथातून स्वर्गास जाताना येथे उतरून गेला अशी या समाजाची श्रद्धा आहे. एलिया मेला नाही, देहानिशी वर गेला, आणि मशीहाच्या आधी त्याची वर्दी घेऊन तो परत येणार, असे मलाखीच्या ग्रंथावरून ज्यू मानतात. म्हणून वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी द्राक्षारसाचा पेला भरून ठेवतात आणि सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतात. बेने इस्रायल याखेरीज मलिदा करतात. भिजवलेले पोहे, त्यांत ओले खोबरे, साखर आणि सुका मेवा, वर फळे रचलेली, असे ताट मध्ये ठेवून एलियाच्या नावाने गाणी व प्रार्थना म्हणावयाच्या आणि मग तो प्रसाद सर्वांनी वाटून घ्यावयाचा. लग्न असो, नवस फेडणे असो, नवे घर असो, मलिदा हवाच. जगबुडीच्या दूताला पोह्यांच्या ताटावर बोलावणाऱ्या या समाजाने त्याच्या आगमनाची भीती कधी बाळगली असेल असे दिसत नाही. त्यांच्या लेखी एलिया हा अडल्या वेळी धावून येणारा घरचा वडीलधारा झाला. ख्रिस्ती शुभवर्तमानांत तोच एलिया बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या रूपाने येऊन गेला असे येशू सांगतो, आणि कुराणात इलयास हे पैगंबरांच्या मालिकेतील एक नाव आहे. परतीची वाट मात्र प्रामुख्याने ज्यूच पाहत राहिले.

ख्रिस्ती पक्षाचे उदाहरण शोधावयास फार लांब जावे लागत नाही. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावला पंडिता रमाबाईंनी वसविलेल्या मुक्तिसदनात 1905 च्या जूनअखेरीस मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. आदल्या वर्षी वेल्समध्ये असाच उद्रेक झाला होता आणि त्याच्या वार्ता येथे पोचल्या होत्या. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली रात्र-रात्र रडून पापनिवेदन करू लागल्या, शेकडो कंठांतून एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना होऊ लागली, पुढे काहींना अनोळखी भाषा स्फुरल्याचेही सांगितले गेले. जगभरच्या नव्या पेंटेकॉस्टल मंडळींनी अशा घटनांचा अर्थ एकच लावला: पवित्र आत्म्याचा अखेरचा वर्षाव सुरू झाला, त्या अर्थी प्रभूचे येणे जवळ आले. रमाबाईंनी मात्र केडगावात शेती, छापखाना, शाळा आणि बायबलाचे मराठी भाषांतर ही कामे तसूभरही थांबविली नाहीत. ते भाषांतर 1922 मध्ये त्यांच्या निधनापर्यंत चालले आणि त्यानंतर प्रसिद्ध झाले.

मौज अशी, की घटका मोजण्याचा हा उद्योग तिन्ही धर्मांनी स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरविला आहे. ती घटका केवळ ईश्वर जाणतो असे कुराण पुन्हा पुन्हा सांगते. ती पुत्रालाही ठाऊक नाही असे येशू म्हणतो. आणि अंताचा हिशेब करणाऱ्यांना ज्यूंच्या तल्मूद या ग्रंथाने सरळ शाप दिला आहे. तरी त्याच तल्मूदात जगाचे आयुष्य सहा हजार वर्षांचे असल्याचे वचनही आहे, आणि त्या हिशेबाने ती मुदत इ.स. 2240 मध्ये भरते. ज्या वर्षी हिशेब जुळतो त्या वर्षी काय होते, याचे दाखले मोजकेच पण भयंकर आहेत. जर्मनीतील म्युन्स्टर शहर 1534 मध्ये प्रभूच्या आगमनाची वाट पाहणाऱ्या एका पंथाच्या हाती गेले. मालमत्ता समाईक झाली, यान नावाचा एक शिंपी राजा झाला, आणि पुढच्या वर्षी शहर पडल्यावर पुढाऱ्यांची प्रेते ज्या पिंजऱ्यांतून टांगली ते पिंजरे तेथील चर्चच्या मनोऱ्यावर अजून आहेत. 1665 मध्ये शब्बताई त्स्वी याला मशीहा मानून पोलंडपासून येमेनपर्यंतच्या ज्यूंनी घरेदारे विकावयास काढली. दुसऱ्या वर्षी तुर्की सुलतानासमोर त्याने मरणाऐवजी इस्लाम पत्करला. या दोहोंच्या मध्ये, काळानेही आणि स्वरूपानेही, अहमदनगरचा जमालखान बसतो.

पण एक फरक आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. म्युन्स्टरचे लोक येणाऱ्याची वाट पाहत होते. त्यांच्यापुढे तारीख होती, ती टळली म्हणजे सर्वच कोसळावयाचे. महदवींचा महदी येऊन आणि जाऊन 80-85 वर्षे लोटली होती. त्यांच्या दृष्टीने अखेरच्या नाट्यातील एक मोठा प्रवेश संपला होता आणि उरलेला काळ, तो कितीही लांबो, ईश्वरस्मरणात घालवावयाचा होता. अशा श्रद्धेला राज्य चालविण्याची गरज नव्हती. किंबहुना निष्कांचनतेवर उभ्या असलेल्या पंथाच्या हाती खजिना आणि फौज यावी, हाच जमालखानाच्या कारकिर्दीतील खरा विसंवाद होय. परदेशीयांची जी कत्तल त्याने करविली तिचा जौनपूरच्या सय्यदांच्या शिकवणीशी काय संबंध लावावयाचा, हे त्याच्या सहधर्मीयांनाही सांगता आले नसते. येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. जमालखानाविषयी आपल्याला जे कळते ते मुख्यतः दोघा इतिहासकारांकडून: एक फिरिश्ता, जो या धामधुमीत अहमदनगर सोडून विजापूरला गेला आणि जमालखानाविरुद्धच्या मोहिमेत जखमी होऊन त्याच्याच हाती सापडला होता, दुसरा सय्यद अली तबातबा, ज्याने आपला ग्रंथ प्रत्यक्ष बुऱ्हाणच्या पदरी राहून लिहिला. दोघेही फिर्यादी पक्षाचे. आरोपीचा जबाब दफ्तरात नाही.

1591 मध्ये बुऱ्हाण खानदेशच्या राजा अलीखानाचे साहाय्य घेऊन निघाला, वऱ्हाडचे सरदार त्याला मिळाले, आणि विजापूरकरांशी धाराशिवजवळ नुकताच सामना जिंकलेला जमालखान ऐन उन्हाळ्यात धावत त्याच्यावर चालून गेला. आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडला गाठ पडली. बापाविरुद्ध मुलाच्या नावाने लढणाऱ्या त्या सैन्याचा सेनापती गोळी लागून पडला आणि त्याच्याबरोबर सैन्यही मोडले. हिजरी सन 999 होता. बुऱ्हाणने अहमदनगरात येऊन पोराला पदच्युत केले, खुत्ब्यात बारा इमामांची नावे पुन्हा घातली आणि महदवींना राज्यातून हुसकले. हजारावे वर्ष लागले ते असे. त्यानंतर चार वर्षांच्या आत बुऱ्हाण मेला, मोगलांनी नगरला वेढा घातला, चांदबिबीने तो एकदा परतविला, आणि 1600 मध्ये किल्ला पडला.

महदवी पंथ त्यापूर्वीच पांगला होता, पण संपला नाही. हैदराबादेत चंचलगुड्यात, कर्नाटकात चन्नपट्टणला, गुजरातेत पालनपूरकडे त्यांची घराणी आहेत, आणि रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री ते आपल्या पंथाची विशेष नमाज पढतात. रोहिणखेडला एक जुनी दगडी मशीद आहे, ती लढाईच्या नऊ वर्षे आधी, 1582 मध्ये बांधलेली; बांधणाऱ्या सरदाराचे नाव खुदावंदखान महदवी. याच खुदावंदखानाने आदल्या वर्षी फत्तेखेर्ड्यालाही मशीद बांधली होती. जमालखान ज्या गावी मारला गेला तेथे त्याच्या पंथाचे पाऊल आधीच रोवलेले होते, ही गोष्ट फिरिश्त्याच्या वर्णनात येत नाही.